अडलेला डाव

इचलकरंजीत यंत्रमागावर उभा जन्म काढून गुंडू चौगुले लेकाकडे शाहूपुरीत राहायला आले, आणि दोनच महिन्यांत बायको यल्लव्वा पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. वाचा गेली. पापणी एकदा मिटली की व्हय, दोनदा मिटली की न्हाय, एवढंच बोलणं उरलं.

लेकाने वेळ जावा म्हणून डॉमिनोचा डबा आणून दिला. दुपारी गुंडूअण्णा खाटेपासून चार हातांवर टेबल मांडून एकट्यानेच डाव लावायचे. ठिपक्याला ठिपका जुळवत सगळ्या सोंगट्या लागल्या तर जिंकलं. मध्येच अडलं तर हरलं.

एकदा डाव अडला. ते पाणी पिऊन आले, तर तीन-पाचची सोंगटी लागलेली. त्यांना सुचलीच नव्हती ती जागा.

"अक्षता, तू हात लावलास व्हय गं?"

"न्हाय की, मामंजी. मी गच्चीवर हुते," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली. डाव अडल्यावर भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. वळले, तर दोन सोंगट्या पुढे सरकलेल्या.

"यल्लू, तू केलंस?"

दोनदा.

"मग? हाय का हितं कोण?"

एकदा. तिची नजर त्यांच्या खांद्यामागे, रिकाम्या खुर्चीवर होती.

"आपल्यातलंच कोण हाय का?"

दोनदा.

गुंडूअण्णा खाटेजवळ सरकले. "तुला भ्या वाटतंय?"

यल्लव्वाने सावकाश, दोनदा पापणी मिटली.

त्यांनी सोंगट्या डब्यात कोंबल्या आणि डबा माळ्यावर टाकला. त्यानंतर दोन दिवस यल्लव्वाने घास गिळला नाही. मोकळ्या टेबलाकडे बघून नुसती डोळ्यांतनं पाणी काढायची.

तिसऱ्या दुपारी त्यांनी पुन्हा डाव मांडला. अडला तसे उठले, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात कट्ट्याला धरून उभे राहिले.

आतून आवाज आला. आधी घशातला, मग मोकळा. यल्लव्वा हसत होती. दीड वर्षानं.

अक्षता गच्चीवरून धावत खाली आली. "मामंजी, आत्याबाई हसाय लागल्यात! कोण आलंय?"

ती दाराकडे निघाली, तसा त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"थांब जरा, पोरी," ते दबक्या आवाजात म्हणाले. "डाव हू दे त्यांचा."