भिंतीवरचा काळा पंजा

हेस्टरच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणीसशे सत्तावीस. जुळ्यांच्या बाप्तिस्म्याला त्यांचा मामा येईल की नाही, कोणीच सांगू शकत नव्हतं. मामा, म्हणजे हेस्टरचा भाऊ वॉल्टर, तुरुंगात होता.

जुलैतल्या एका सकाळी सहाच्या सुमारास थर्लबी हॉलचे मालक सर ऑब्री वाचनाच्या खोलीत भोसकलेले सापडले. शेजारी पडलेला छाटणीचा चाकू वॉल्टरचा. तो तिथला माळी. चाकू आठवड्यापूर्वीच हरवला होता, हे त्याचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही.

हेस्टर त्याच घरात मोलकरीण. त्या वेळी ती खोलीबाहेरच्या दालनात, भिंतीतल्या शेकोटीची लोखंडी जाळी काळ्या पॉलिशने घासत होती. पोलिसांनी विचारलं, "कोणाला पाहिलंस?" ती म्हणाली, "कोणालाच नाही." खोटं नव्हतं ते. पण खोलीतून बाहेर पडलेली पावलं कोणाची, हे तिला कळलं होतं. बोलावं तर मालकांनी दिलेल्या घरात राहणारी आई रस्त्यावर. गप्प बसावं तर भाऊ फासावर.

चौथ्या दिवशी लॉर्ड मेरिडन आले. एका ड्यूकचे धाकटे चिरंजीव, सर ऑब्रींचा मुलगा राल्फ याचे शाळासोबती. गुन्हे उलगडायचा त्यांना नाद होता. हेस्टर वाचनाच्या खोलीबाहेर भिंतीला चिकटवलेला कागद शिळ्या पावाने घासत होती.

"पाव भिंतीला चारतेस होय? मला नाश्त्याला दिला असतास."

"डाग आहे, साहेब. क्विलबाई म्हणाल्या, निघेपर्यंत घास." क्विलबाई म्हणजे घरची कारभारीण.

त्यांनी वाकून पाहिलं. काळा पंजा, पाचही बोटं स्पष्ट. "तुझाच ना? कधी उमटला?"

"त्या सकाळी. हात काळे होते, अन् मी घाईत भिंतीकडे वळले."

"भिंतीकडे? कशाला गं?"

"घरातलं कोणी आलं की पाठ करून उभं राहायचं, साहेब. नियमच आहे."

"आणि नोकर आला तर?"

"नोकराला कशाला पाठ करू?"

बोलून गेल्यावर तिच्या हातातला पाव गळून पडला. लॉर्डसाहेब पंजाकडून वाचनाच्या खोलीच्या दाराकडे वळले.

"त्या दिवशी घरातले होते किती?"

"दोघेच. थोरले साहेब तर खोलीतच होते."

"आमच्याकडेही मोलकरणी अशाच उभ्या राहतात," ते हळूच म्हणाले. "एकीचाही चेहरा मला आठवत नाही. बरं, या उन्हाळ्यात शेकोटी कोणी पेटवत नाही. तरी तू कोणाच्या खोलीतली राख उचललीस?"

"राल्फसाहेबांच्या. त्याच दिवशी."

परसातल्या राखेच्या ढिगात जळक्या बाहीचा तुकडा आणि राल्फच्या नावाची अक्षरं कोरलेली मनगटाची बटणं निघाली. वडिलांच्या रक्ताने माखलेला सदरा त्याने शेकोटीत जाळला होता.

वॉल्टर सुटला, बाप्तिस्म्याला वेळेवर पोचला. आईचं घर मात्र महिन्याच्या आत गेलं. हेस्टरला लॉर्डसाहेबांनी आपल्या बहिणीकडे कामाला लावलं. तिथेही नियम तोच होता. मालक आले की ती भिंतीकडे वळायची, आणि पावलं लांब जाईपर्यंत श्वास धरून ठेवायची.

राल्फ थर्लबी त्याच वर्षी नऊ डिसेंबरला सकाळी आठ वाजता फाशी गेला.