गावेन्ना सभेत बोलली

मित्रमंडळींनी झऱ्याच्या वाटेवर कुंपण घातलं, तेव्हापासून गावेन्नाला पाणी आणायला टेकडीला वळसा पडायचा. गावातल्या शेतकरी बायकांची ती मुख्य. मका कुठे, घेवडा कुठे, हे तीच ठरवायची. कुंपणाबद्दल मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

मित्रमंडळी म्हणजे फिलाडेल्फियाहून आलेले दोन गोरे. थोरला अ‍ॅबेल, धाकटा मेहलन. त्यांच्या पंथातले सगळेच स्वतःला मित्र म्हणवून घेत. दारू पीत नसत, जमीन मागत नसत, आणि सरदारालासुद्धा अरे-तुरे करत. गावातल्या सेनेका जमातीच्या पुरुषांनी नांगर धरावा एवढीच त्यांची इच्छा होती. शेती बायकांची, त्यामुळे पुरुष ते ऐकून पोट धरून हसायचे आणि शिकारीला निघून जायचे.

तिने सरदाराकडे तक्रार नेली. तो म्हणाला, "शिकारी परतू देत, मग पंचायत बसवू."

"म्हणजे बर्फ पडल्यावर. तोवर मी काय जीभ वाळवत बसू?"

शेवटी ती मित्रांच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला गेली. सभेत कुणी बोलत नव्हतं. अ‍ॅबेल डोळे मिटून बसला होता, मेहलन जमिनीकडे बघत होता. दोघांच्या टोप्या डोक्यावरच. गावेन्नाने बराच वेळ वाट पाहिली. इतका वेळ गप्प बसणारा गोरा तिने आजवर पाहिला नव्हता. मग तिने मेहलनला कोपर मारलं.

"कुणी मेलंय का?"

"नाही, आजी. देवाचा आत्मा ज्याला उठवेल तो बोलतो."

"बाईसुद्धा?"

"बाईसुद्धा."

गावेन्ना उठली. "तुमचं कुंपण माझ्या वाटेवर आहे. माझं वय झालंय आणि घागर जड आहे. कुंपण काढा." एवढं बोलून ती खाली बसली.

मेहलनने दोन हिवाळ्यांत भाषा शिकून घेतली होती. त्याने शब्दन् शब्द थोरल्याला सांगितला. अ‍ॅबेलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दिवशी दोघांनी मिळून कुंपण उपटलं. गावेन्ना भांडायच्या तयारीने आली होती. मनात आणखी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली. तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढच्या सभेला नऊ बायका आल्या. आल्या तशा गप्प बसल्या. रीत म्हणजे रीत. मग एकीला आत्म्याने उठवलं आणि तिने मित्रांच्या गाईने भोपळे खाल्ल्याचं सांगितलं. त्यानंतर ओन्याता उठली.

"माझा जावई हादेगा, राहतो माझ्याच घरी. गुडघ्याचं निमित्त करून शिकारीला गेला नाही. नाच असला की गुडघा बरा होतो. घरात लाकडाची काडी नाही."

मेहलन घुटमळत गावेन्नाकडे वळला. "आजी, हे पण सांगू?"

"सांग की! भोपळ्याचं सांगितलंस ना?" गावेन्ना म्हणाली.

त्याने सांगितलं. अ‍ॅबेलने बराच वेळ डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो खांद्यावर कुऱ्हाड घेऊन रानात गेला आणि ओन्याताच्या दारात लाकडाची मोळी टाकून निघून गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी गावातल्या बायका मोळी बघायला जमल्या.

"काय गं ओन्याता, नवा जावई केलास वाटतं?"

"वयाने जरा जास्त आहे, पण कामाला बरा आहे."

हादेगा आतून सगळं ऐकत होता. पाचव्या दिवशी अ‍ॅबेल निघाला तर हा वाटेवर उभा, हातात कुऱ्हाड. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघांनी दुपारपर्यंत लाकडं तोडली. हादेगाची मोळी मोठी झाली. ती सगळ्यांना दिसावी म्हणून तो गावातून लांबच्या वाटेने गेला. लंगडायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

शिकारी परतले तेव्हा सभेला जागा पुरेना म्हणून मित्रांनी भिंत पाडून खोली वाढवायला घेतली होती. बायका आत काय करतात, असं सरदाराने गावेन्नाला विचारलं.

"गप्प बसतो," ती म्हणाली.

सरदाराचा काही विश्वास बसला नाही.