फ्रिजमधला मीटर आणि कारभारी

“मीटर पाण्यात बुडवलास की तीन मिनिटं थांब. पहिला आकडा कधी मानू नकोस,” नारायणकाकांनी निघताना बजावलं होतं आणि ऋचाने ते हसण्यावारी नेलं होतं. बी.एस्सी. झालेल्या बाईला मीटर वाचायला काय शिकवायचं?

काका म्हणजे वरच्या मजल्यावरचे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते नाशिकला मुलीकडे गेले, तेव्हा डोकमर्डीतल्या घराची किल्ली, खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यातला नऊ वर्षांचा कारभारी असं सगळं ऋचाच्या हवाली करून गेले. कारभारी हा मासा. भगवं अंग, पांढरे पट्टे आणि एकट्या काकांचा घरात तेवढाच सोबती.

खारटपणा मोजायचा मीटर होता पेनाएवढा. ऋचाची तेजू दीड वर्षाची, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. म्हणून ऋचाने मीटर फ्रिजच्या दारात, खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवला. घरात तेवढं एकच दार तेजूला उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मीटर काढला, तशीच जिना चढली, पाण्यात बुडवला. एक्केचाळीस! हवं होतं पस्तीस, म्हणजे लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. तिने अर्धी बादली खारं पाणी उपसलं आणि तेवढंच आरओचं गोडं ओतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आकडा आला पस्तीसच्या आसपास आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण कारभारी कोपऱ्यात जाऊन बसला. दाणे तरंगत राहिले.

“रुसला असेल,” तिचा नवरा अमोल म्हणाला. “वासोण्याच्या सफारीतल्या सिंहांची तरी एवढी चौकशी कुणी करतं का?”

“त्याला काही झालं तर काकांना काय तोंड दाखवू? परवा येतायत ते!”

शेवटी तिने फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मीटर ठेवतेस कुठे?”

“फ्रिजमध्ये.”

 पलीकडून असं खदखदून हसणं की मागून त्यांची मुलगी ओरडली, “बाबा, डोळ्याला ताण नको!”

“पोरी, मीटर स्वतः थंड असला की त्याला वाटतं, पाणीच थंड आहे. थंड पाण्यातून वीज कमी जाते, म्हणून तो हिशेबात आपणहून मीठ वाढवून सांगतो. तेजूचा ताप बघताना काय करतेस?”

“बीप वाजेपर्यंत काखेत धरून ठेवते.”

“मग माझ्या कारभाऱ्यानेच काय घोडं मारलंय?”

ऋचा धावत वर गेली. मीटर बुडवून घड्याळ लावलं. छत्तीस, तेहतीस, एकतीस... तीन मिनिटांनी एकोणतीसवर थांबला. चांगलं पाणी तिने आपल्या हाताने आळणी करून टाकलं होतं!

“एकदम मीठ ओतू नकोस,” काकांनी फोनवर सांगितलं. “वेगळ्या बादलीत विरघळव, टाकीइतकं कोमट होऊ दे आणि रोज थोडं थोडं घाल.” बादलीचं पाणी तिने तेजूच्या अंघोळीसारखं कोपराने तपासलं.

काका परतले त्या सकाळी कारभारी काचेशी येऊन दाणे मागत होता. तेजूने काचेवर दोन्ही हात आपटून त्यांचं स्वागत केलं.

“काका, तब्येत?”

“मजेत!” उत्तर तत्काळ. ऋचा हलली नाही. चहा टाकला, खुर्ची ओढून बसली, गप्प राहिली. तिसऱ्या मिनिटाला काका पुटपुटले, “डोळ्याचे थेंब एकट्याला नीट घालता येत नाहीत गो. दोन वेळचे राहिलेत.”

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ थेंब ऋचा घालते. पण येत्या सोमवारी ती आठवडाभर माहेरी चाललीये आणि अमोलची रात्रपाळी आहे. तेव्हा तुम्ही डोकमर्डीच्या आसपास असाल तर तिची एवढी विनंती ऐका: वरच्या मजल्यावर जरा डोकावून या. कारभारी ठीक आहे. काकांना बघा. ते लगेच ‘मजेत’ म्हणतील, ते मानू नका. तीन मिनिटं बसा, मग पुन्हा विचारा.