गाळलेल्या कलमाची साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. कारखान्यात माझे नळे वाकवले, पाठीला काळे रेक्झिन चढवले आणि मला थेट देशाच्या संसदेत धाडले. माझ्या बहिणी इस्पितळांत गेल्या. मला वाटले, माझेच नशीब थोर! कोणा खासदाराला चक्कर आली, कोणाचा पाय मुरगळला, की मला बोलावणे येई. मला ढकलणारा शिपाई अबोल होता, पण माझी चाके कधी कुरकुरू देत नसे.

एका खासदारांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. आजारी माणसाला दवाखान्याच्या दारातून परत पाठवू नये, असा कायदा व्हावा म्हणून त्या आयुष्यभर झगडल्या. ते विधेयक सभागृहात आले तेव्हा त्यांचेच शरीर दुखण्याने पोखरले होते. त्या माझ्यावर बसू लागल्या.

शिपायाच्या बायकोची मूत्रपिंडे निकामी झाली होती. यंत्रावर रक्त शुद्ध केले तरच ती जगणार होती. नव्या कायद्यात तो उपचार मोफत होणार होता.

"बाई, आमचं घर तुमच्या कायद्याकडे डोळे लावून बसलंय," तो म्हणे.

मतदानाच्या दिवशी पक्षाची मते जुळवणारे प्रतोद धावत आले. "मित्रपक्ष अडून बसलाय. मूत्रपिंडाचं कलम गाळा म्हणतात. त्यांच्या नेत्याच्या मेहुण्याची तसल्या यंत्रांची खासगी केंद्रं आहेत."

"आणि त्या रोग्यांनी काय करायचं?"

"पुढं दुरुस्ती आणू. आज बाळंतिणींचं, लेकरांचं तरी होऊ द्या. नाहीतर सगळंच पडेल."

बाई माझे हात घट्ट धरून बसल्या. मग म्हणाल्या, "गाळा."

शिपाई मागेच उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

"तू नको नेऊस मला," बाई हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला बोलाव."

त्याने माझ्या मुठी धरल्या. "माझ्या बहिणीला दिवस गेलेत, बाई. तिला तरी उपयोग होईल." आणि त्याने मला आत ढकलले.

विधेयक एका मताच्या फरकाने मंजूर झाले. बाके दणादण वाजली. बाई हसल्या नाहीत.

काही दिवसांनी त्या मला गाडीत घालून शिपायाच्या घरी गेल्या. जिना अरुंद होता. त्याने त्यांना लहान मुलासारखे उचलून वर नेले. मी खालीच राहिले. वर काय बोलणे झाले, मला ठाऊक नाही. खाली आल्यावर बाईंनी गाडीत बसेपर्यंत एकदाही वर पाहिले नाही.

आधी शिपायाची बायको गेली, मागोमाग बाई. दुरुस्ती आलीच नाही. त्या नेत्याला मात्र मंत्रिपद मिळाले. शिपायाची दुसरीकडे बदली झाली आणि मी गंजत अडगळीत पडले.

मित्रांनो, स्वतःसाठी मला काही मागायचे नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणी त्या सभागृहात बसलात आणि एखादे कलम गाळायची वेळ आली, तर ज्यांचा आधार तुटणार आहे त्यांच्या घरी आधी जाऊन या. मागाहून तो जिना चढणे फार जड जाते.