गाळलेलं गाव

त्याने नकाशा टेबलावर उलगडला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं. एका कोपऱ्यावर पाण्याचा पेला, दुसऱ्यावर मिठाची बाटली, तिसऱ्यावर साडूच्या चष्म्याचं घर. चौथा कोपरा त्याने तळहाताने दाबून धरला.

"अहो मेकॅनिकसाहेब, देश बघायचाय, विकत नाही घ्यायचा," साडू म्हणाला.

साडूची मुलगी खळखळून हसली. तोही हसला, पण आपला आवाज जरा मोठाच निघाला असं वाटून त्याने लगेच तोंड मिटलं. बायको गेल्यापासून या टेबलाशी तो पहिल्यांदाच बसला होता.

स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी होती. ती त्याच्या बायकोची बहीण. बायको तिला धाकटी म्हणायची, म्हणून तोही म्हणायचा. धाकटी हसली नव्हती. हात पुसून झाले तरी ती फडक्याला हात पुसतच होती.

हिवाळ्यात चौघांनी मिळूनच सुट्टीचं ठरवलं होतं. दोघी बहिणी आणि दोघे साडू. कुणीच न पाहिलेला देश, कुणालाच न येणारी भाषा, एकाच फेरीत चार शहरं. त्यानंतर बायकोला ताप आला, तो उतरेना म्हणून हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि तिथून ती घरी आली नाही. सुट्टीचा विषय मग कुणी काढला नाही. गेल्या आठवड्यात त्याने कशासाठी तरी इथे फोन केला, तेव्हा भाचीने उचलला आणि बोलता बोलता म्हणाली, "रविवारी बसतोय ना सगळे, सुट्टीचं ठरवायला." त्याने "किती वाजता?" विचारलं. भाची उत्तर द्यायला थोडी थांबली. फोनची लाइन खराब असेल, असं त्याने धरलं.

तेव्हापासून तो रोज कामावरून आल्यावर नकाशा घेऊन बसत होता. चालायचे बूटही त्याने घेतले होते. दुकानदाराने सहज विचारलं, "कुठे फिरायला निघालात वाटतं?" तेव्हा तो म्हणाला होता, "छे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." आज इथे आल्यावर त्याने ते बूट दारातल्या चपलांच्या मागे भिंतीकडे सरकवून ठेवले. वर्षसुद्धा झालं नाही आणि याला नवे बूट सुचतात, असं कुणाला म्हणायला मिळू नये म्हणून. तरी रोज त्याला नकाशा उघडायची घाई व्हायची. गेल्या आठवड्यात एकदा तर तो जेवताना शीळ घालत होता. लक्षात आल्यावर त्याने ताट तसंच सारलं होतं.

"विमान इथे उतरतं," त्याने बोट ठेवलं. "राजधानी. ही पुढं नदी, आणि नदीवरचं हे..."

"म्हणा ना काका नाव," भाची म्हणाली.

त्याने म्हणून बघितलं. साडूनेही म्हणून बघितलं.

"बाबा, तू शिंकलास की नाव घेतलंस?"

"माझ्या दुकानात या नावाचं खोकल्याचं औषध आहे," साडू म्हणाला. तो औषधांच्या दुकानात बसायचा. "एक चमचा सकाळी, एक रात्री."

"पुलांचं गाव म्हणू या," तो म्हणाला. "पूलच पूल आहेत तिथे. पुलांच्या गावाहून बंदराला रेल्वे आहे. बस पण आहे, पण बसने रात्र वाया जाते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पेंगत फिरतो. शिवाय पुलांच्या गावातलं म्युझियम सोमवारी बंद. म्हणजे सोमवार प्रवासातच घालवायचा."

"काका, तुम्ही तर टूरच काढा. कामं सोडा ती."

"हॉटेलंपण बघून ठेवलीत," तो म्हणाला. त्याला थांबता येत नव्हतं. "स्टेशनपासून लांब नकोत. आणि लिफ्टवालीच घेतलीत सगळी. तिकडे जुन्या इमारतींना लिफ्ट नसते पुष्कळ ठिकाणी."

"लिफ्ट कशाला?" साडू म्हणाला. "दोन जिने चढायला काय झालं? सगळ्यांचे गुडघे ठणठणीत..."

तो मध्येच थांबला. गुडघे बायकोचे दुखायचे. गेली कित्येक वर्षं कुठेही जायचं म्हटलं की पहिला प्रश्न लिफ्टचा असायचा. आता तो प्रश्न उरला नव्हता, आणि हॉटेलं शोधताना हे त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. साडूने पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला, तसा नकाशाचा तो कोपरा वर आला.

"ते सामानासाठी," तो घाईने म्हणाला. "बॅगा असतात ना. बरं, बंदरावरून सकाळची रेल्वे धरली की दुपारी डोंगराखाली. तिथे मात्र दोन मुक्काम तरी हवेत. कारण गाव दोन भागांत आहे. अर्धं खाली, अर्धं कड्यावर, आणि मधे..."

त्याने साडूकडे बघितलं. साडू धाकटीकडे बघत होता.

"ते डोंगरातलं गाव आम्ही गाळलंय, भाऊजी," धाकटी म्हणाली.

आपण गाळलंय, असं ती म्हणाली नव्हती.

"जावयांना तेवढीच रजा मिळतीये," ती पुढे म्हणाली. "हिच्या नवऱ्याला. मग चार शहरं धावतपळत करण्यापेक्षा तीनच करू म्हटलं, निवांत."

भाचीने मान खाली घातली. तिच्या नवऱ्याचा या सहलीशी संबंध काय, हे विचारायला त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात हिशेब त्याचा त्यालाच लागला. ठरवलं होतं चौघांनी, आणि आताही चौघंच निघाली होती. धाकटी, साडू, मुलगी, जावई. त्याचा तळहात अजून नकाशावर होता. तो काढून घ्यावा की राहू द्यावा, ते त्याला कळेना.

"म्हणजे तसं नाही हं," साडू म्हणाला. "तुम्हाला विचारणार होतोच. पण म्हटलं, एवढ्यात तुम्ही कुठले यायला? तुमचं मन लागणार का? आणि आम्ही हसायचं, खिदळायचं, तुम्ही आपले..."

'बरोबर आहे' म्हणून नकाशा गुंडाळायचा, एवढंच काम होतं. 'मी कुठे येतोय, तुमच्या उपयोगी पडेल म्हणून घेऊन आलो,' हेही त्याला सुचलं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण तो बोलला ते भलतंच.

"तिची फार इच्छा होती," तो म्हणाला. "ते वरचं गाव बघायची."

साडूने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी मला कधी म्हणाली नाही," भाची हळूच म्हणाली.

"माझ्याशी बोलायची. नेहमी." आणि तेवढ्यावर भागेल असं न वाटून तो पुढे म्हणाला, "हॉस्पिटलमध्येसुद्धा. शेवटी शेवटी."

बोलला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायकोने त्या गावाचं नावही कधी घेतलं नव्हतं. ते गाव त्याचं होतं. त्या गावाच्या खालच्या चौकातून वरच्या चौकात जायला खडकाच्या पोटातून लिफ्ट होती. जुनी, मोठी, गावाची लिफ्ट. लोक तिच्यातून बाजाराला जायचे, पोरं शाळेत जायची. लिफ्टदुरुस्तीचं काम शिकत असताना त्याने एका पुस्तकात तिचं चित्र पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिचं यंत्र एकदा डोळ्यांनी बघायचं, ऐकायचं, असं त्याच्या मनात होतं.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"काका, तुम्ही यायचंच. बाबा, आपण एक खोली वाढवू या."

"वाढवू म्हणजे काय, वाढवणारच," साडू म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "बंदराचा एक दिवस कमी करू. जावयांशी मी बोलतो. तिची शेवटची इच्छा होती म्हटल्यावर प्रश्नच मिटला. अगं, ऐकलंस का?"

धाकटी दारात नव्हती. आत नळ सुटला होता आणि भांडं भरून वाहत असावं, तरी तो बंद होत नव्हता.

तो उठला. एक काम राहिलंय, लिफ्ट बंद पडल्याचा फोन आलाय, असं काहीतरी पुटपुटला. फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता, पण कुणी विचारलंही नाही. बूट घालताना त्याने कुणाकडे बघितलं नाही. नकाशा टेबलावर तसाच राहिला.

जिन्याजवळ येऊन त्याने लिफ्टचं बटण दाबलं आणि सवयीने कान दिला. लिफ्ट वर येताना थोडी घासत होती. एरवी त्याने साडूला तसं सांगितलं असतं. दार उघडलं, तो आत पाऊल टाकणार तोच मागून हाक आली.

"भाऊजी."

धाकटी अनवाणीच बाहेर आली होती. तिने पाठीमागे घराचं दार लोटून घेतलं. त्याने लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं.

"ताईला नव्हतं बघायचं ते गाव," ती म्हणाली.

त्याने लिफ्टच्या आतल्या बटणांकडे नजर वळवली.

"मला म्हणाली होती ना ती. म्हणाली, 'जन्मभर यांच्या कपड्यांवरचे तेलाचे डाग धुतले, आता हे मला परदेशात नेऊन लिफ्ट दाखवणारेत.' पोट दुखेपर्यंत हसलो होतो दोघी."

हे त्याला माहीत नव्हतं. लिफ्टचं दार त्याच्या तळहातावर येऊन आपटलं आणि परत मागे गेलं.

"आणि हॉस्पिटलमध्ये मी होते तिच्याजवळ," धाकटी म्हणाली. "शेवटी शेवटी काय बोलत होती ते मी ऐकलंय. तुम्ही जेवलात का, एवढंच विचारायची. मी हो म्हटलं की थोड्या वेळाने परत तेच."

"चुकलं माझं."

"त्यांना खरं वाटलं ते. पोरगी रडतीये आत."

"मी... तोंडातून निघून गेलं."

"निघून नाही गेलं. दोनदा म्हणालात."

त्याने मान हलवली. खालून कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं. दार पुन्हा त्याच्या हाताशी येऊन थबकलं. त्याने ते सोडलं नाही. काहीतरी धरून ठेवलेलं बरं वाटत होतं.

"तुम्हाला का विचारलं नाही, माहितीये?" धाकटीचा आवाज खाली आला. "हे म्हणतील, तुमचं मन लागणार नाही म्हणून. तसं नाही. मीच नको म्हटलं. तुम्ही एकटे दारात उभे राहिलात की शेजारी ताई नाही, एवढंच मला दिसतं. आजही तेच झालं. मला चार दिवस ते बघायचं नव्हतं." तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "वाईट आहे ना मी? असेन. पण मी तिच्या नावावर नाही खपवलं ते."

तो तिच्याकडे बघू शकला नाही. घराच्या दाराच्या कडीकडे बघत राहिला.

"यायचं असेल तर यायचंय म्हणा, भाऊजी. नसेल तर घरी जा. पण तिला मध्ये घालू नका. ती माझीही होती."

ती म्हणाली तितकं ते सोपं नव्हतं. बायको गेल्यावर माणसाने कामावर जावं, जेवावं, झोपावं, इथपर्यंत लोकांना चालतं आणि त्यालाही चाललं होतं. दूरच्या देशात जाऊन काही बघावंसं वाटणं, त्यासाठी आठवडाभर घाईने घरी येणं, हे कुणापुढे बोलायचं म्हणजे भरल्या दुकानात कपडे उतरवण्यासारखं होतं. तिचं नाव मध्ये घातलं की तेवढं अंग झाकलं जात होतं.

"मला ती लिफ्ट बघायचीये," तो शेवटी म्हणाला. आवाज इतका बारीक आला, की ते पुन्हा म्हणावं लागेल असं त्याला वाटलं. "तिचं काही नव्हतं त्यात. मलाच बघायचीये."

धाकटी हसली नाही आणि रागावलीही नाही.

"हे आत सांगा," ती म्हणाली.

त्याने हात काढून घेतला. दार मिटलं आणि लिफ्ट रिकामीच खाली गेली, घासत.

बूट न काढताच तो आत गेला. भाची नकाशावर ओणवी होऊन डोंगरातल्या गावाभोवती पेन्सिलने गोल काढत होती. साडू खिडकीशी उभा राहून फोनवर जावयाशी बोलत होता.

"अहो, नाही कसं म्हणणार? शेवटचे शब्द होते तिचे. हो हो, हॉस्पिटलमध्ये..."

त्याला बघून साडूने बसा, बसा अशी हाताने खूण केली आणि फोनवर बोट ठेवून दाखवलं: तुमचंच चाललंय. भाचीने लगबगीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो खुर्चीवर बसला नाही. धाकटी मागे उंबऱ्यातच थांबली होती, हे त्याला न बघताही कळत होतं.

"फोन ठेवता का जरा," तो साडूला म्हणाला.