पैलवानाचा पंप आणि आफ्रिकेचा ज्वालामुखी

मी दम्याचा पंप बोलतोय. आवाज जरा फुसका येईल, तेवढं सांभाळून घ्या. माझा जन्मच फुस्स करण्यासाठी झालाय.

कारखान्यात माझ्या पोटात औषध भरलं, वर निळा प्लास्टिकचा सदरा चढवला आणि मला नाशिकला धाडलं. तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका मेडिकलमधून सुवर्णानं मला विकत घेतलं, आपल्या सासऱ्यांसाठी.

सासरे म्हणजे मखमलाबादचे खंडेराव नाना. द्राक्षबागायतदार आणि एकेकाळचे पैलवान. मला बघून त्यांच्या मिशाच थरथरल्या.

"पंप? पैलवानाला? अगं, पंप सायकलला असतो!"

त्यांनी मला स्कूटरच्या सीटखालच्या डिक्कीत, तेलकट फडक्याखाली दडवलं. दम लागला की ते "गाडीत हवा हाय का बघून येतो" म्हणत बाहेर यायचे आणि डाळिंबाच्या झाडाआड मला तोंडाला लावायचे. या गाडीला एवढी हवा कशाला लागते, हे कोडं त्यांच्या बायकोला, नवसाबाईंना, कधी सुटलं नाही.

स्कूटर पडवीत खिडकीला लागून उभी असायची, म्हणून घरातलं बोलणं मला ऐकू यायचं. एका सकाळी शेजारचा लहानू मोबाइल नाचवत आला.

"नाना, आफ्रिकेत ज्वालामुखी फुटलाय! राखेचा ढग आपल्याकडं निघालाय. गंधकाचा वायू हाय त्यात, लय डेंजर!"

"गंधक?" नाना गडगडाटी हसले. "आरं, द्राक्षावर भुरी रोग पडला की मी बागेवर गंधकच मारतो, अत्तर मारतो व्हय?"

नवसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी धडाधड खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत गोधडी कोंबली. आणि हवा शुद्ध करायला म्हणून धुपाटण्यात कडुलिंबाचा पाला, ओवा नि मूठभर गुगुळ टाकून दणकून धुरी पेटवली.

थोड्याच वेळात आतून खोकला ऐकू आला. मग शिट्टीसारखा श्वास. मग बोलणंच थांबलं. मी डिक्कीत कासावीस झालो. मला हाक मारता येत नाही हो, नुसतं फुस्स करता येतं, तेही कुणी दाबलं तर!

पुढचं मला नंतर कळलं. "नाना, पंप कुठंय?" सुवर्णा ओरडत होती. नानांचे ओठ निळे पडत चालले होते, शब्द फुटत नव्हता. त्यांनी हातानं किल्ली फिरवून दाखवली.

"अगं बाई, यांना आत्ता फिरायला जायचंय!" नवसाबाई रडकुंडीला आल्या.

नानांनी नकारार्थी मान हलवली आणि दोन्ही हातांनी काहीतरी उचलून दाखवलं.

"डंबेल्स मागतायत," लहानू म्हणाला.

"नाही, सीट! स्कूटरची सीट!" सुवर्णा किल्ली घेऊन धावली. डिक्की उघडली, उजेड आला आणि मी थेट नानांच्या तोंडात. एक फुस्स. मग आणखी. लहानूनं खिडक्या उघडल्या. हळूहळू नानांच्या छातीतली शिट्टी मंदावली. नवसाबाई त्यांचा हात सोडेचनात.

लगेच त्यांना डॉक्टर पल्लवीताईंकडे नेलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ज्वालामुखीची राख आणि गंधकाचा वायू जमिनीलगत असला, तर डोळे चुरचुरतात, घसा जळतो, दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात, हे खरं. तेव्हा दारं-खिडक्या लावायच्या, बाहेर पडताना मास्क घालायचा, पंप हाताशी ठेवायचा. पण तो ढग विमानांच्या उंचीवरून निघून गेला. तुम्ही घरातच ज्वालामुखी पेटवलात, आजी!"

"मला वाटलं, धुरीनं रोगराई जाते," नवसाबाई पुटपुटल्या.

"रोगी जाणार होता," नाना म्हणाले. मग त्यांचा हात दाबून हसले.

पारावर मात्र नाना धुरीचं नाव काढत नाहीत. "आफ्रिकेचा ज्वालामुखी अंगावर आला, पण चितपट नाय झालो!" असं सांगतात आणि पुरावा म्हणून मला खिशातून काढून सगळ्यांना दाखवतात. 

आता माझ्यात फारसं औषध उरलेलं नाही. नवा पंप घरात आलाय. नवसाबाईंनी त्याला देव्हाऱ्यात ठेवलंय. हळदीकुंकू लावलंय, तोंडात झेंडूचं फूल खोचून वर टोपण लावलंय. तुमच्याही घरात माझं कुणी भावंड असेल, तर एवढंच करा. त्याला लपवू नका आणि त्याची पूजाही करू नका. खिशात ठेवा. आणि टोपण काढल्यावर आत फूल नाही ना, ते बघा.