आचाऱ्याचा अर्धा र

त्या सकाळी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा माझं मौन चालू होतं. रोजचं नामस्मरण संपेपर्यंत मी बोलत नाही, हा माझा माहेरापासूनचा नेम. आमचे हे म्हणतात, "काही सांगायचं असेल तर हिला याच वेळी सांगावं. फाटे फुटत नाहीत." मामंजीही नेमकी तीच वेळ धरून आले होते.

"तू बोलू नकोस, नुसतं ऐक," ते म्हणाले. "माझं डोकं दगा द्यायला लागलंय, सूनबाई."

हातातली माळ होती तिथे थांबली.

मामंजी जन्मभर आचारी. विद्यार्थ्यांच्या मोठ्या वसतिगृहाचा मुदपाकखाना त्यांनी एकहाती सांभाळला. शेकडो ताटांचं मीठ हाताच्या अंदाजाने टाकायचे आणि ते कधी चुकायचं नाही. घरी मात्र सासूबाई पहिला घास तोंडात टाकून मुद्दाम भुवई चढवायच्या. तेवढ्यावर त्या दोघांचा अर्धा संसार हसत पार पडला.

शेवटच्या आजारपणात सासूबाई उपचारांसाठी नणंदेकडे, दुसऱ्या गावी होत्या. मामंजींचे गुडघे प्रवासाला राजी नव्हते. मग दोघं फोनवर एकमेकांना आपल्या आवाजातले निरोप धाडायचे. रोज, सकाळ-संध्याकाळ. सासूबाई गेल्या आणि ते आवाज मागे राहिले. गेल्या आठवड्यात मामंजींचा फोन उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पडला. ("आयुष्यभर डाव पडले, आता हा पडला," एवढंच ते म्हणाले.) आमच्या यांनी नवा फोन आणला, दुसऱ्या जातीचा. त्यात माणसांचे नंबर आले, फोटो आले, आवाज तेवढे आले नाहीत. ते निरोपाच्या ॲपने दूर कुठेतरी, एका कुलूपबंद पेटीत जपून ठेवलेले होते आणि ती पेटी मामंजींनी स्वतः ठरवलेलं वाक्य लिहिल्याशिवाय उघडत नव्हती.

"वाक्य मला स्वच्छ आठवतंय," मामंजी सांगत होते. "झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवीन. आणि फोन म्हणतो, जुळत नाही. परत लिहिलं, परत तेच. आता म्हणतो, एकच खेप राहिली. तीही चुकली तर पेटी पुसून टाकणार." जरा थांबून ते म्हणाले, "दादाचं असंच सुरू झालं होतं. तोही छातीठोकपणे सांगायचा, मला आठवतंय म्हणून."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. अखेरीस ते मामंजींनाच विचारायचे, आपण कोण.

"वाक्य तुला सांगणार नाही. तूच बजावलं होतंस ना, कुणालाही सांगायचं नाही, सुनेलासुद्धा नाही. एवढंच सांगतो, माझ्या धंद्यातलं आहे. तुझी सासू मला चिडवायची त्यातलं." असं म्हणून ते उठून गेले.

माळ पुरी झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले. "मामंजी, ती शेवटची खेप माझ्यासाठी राखून ठेवा. मी सांगेपर्यंत हात लावू नका."

त्यांनी फोन उशीखाली सरकवला.

मला हे घरात कुणापुढे बोलता येईना, पण ती पेटी आमच्याच कुलपाची होती. मी एका लायब्ररीवर काम करते. नणंदेला अजून वाटतं की तिथे पुस्तकं मिळतात. आमची लायब्ररी म्हणजे तयार कोडचा साठा. निरोपाचं ॲप बनवणारे तो घेतात आणि आपल्या ॲपमध्ये बसवतात, म्हणजे धाडलेला निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाही. फोन कुठल्याही जातीचा असो, संगणक असो, कुलूप सगळीकडे एकच. इकडे लावलेलं तिकडे उघडलंच पाहिजे. त्यावरच आमचं पोट.

आम्ही तिघं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख. नव्या जातीच्या फोनांची बाजू सांभाळणारा चिमटा. खरं नाव वेगळं आहे, पण त्याच्या तोंडून सरळ वाक्य निघत नाही म्हणून चिमटा. आणि मी.

मी घडलेलं सांगितलं. चिमट्याने खुर्ची वळवली. "काकू, सोपं आहे. सासऱ्यांना वाक्य विचारा, दोन्हीकडे टाकून बघू, पाच मिनिटांचं काम."

"ते सांगणार नाहीत. मीच शिकवलंय."

"मग उलटं शिकवा."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाची सून आमच्यासारखं विचारील, तिलाही सांगा म्हणू?" मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हातारा तुमच्यापेक्षा शहाणा आहे. त्याचं वाक्य त्याच्याकडेच राहू दे. आपण आपलं कुलूप तपासू."

आमच्याकडे तपासणीची शेकडो वाक्यं होती, नाना भाषांतली. एकेक करून ती पुन्हा चालवली, सगळी दोन्हीकडे जुळली. चिमटा माझ्याकडे बघेना. माणूस विसरलाय, असं त्याच्या मनात होतं.

घरी वेगळंच चाललं होतं. मामंजींनी शेगडीजवळ जाणं सोडलं होतं. एकदा गेले, तर रश्शात डाव धरून मला हाक मारली, "सूनबाई, मीठ घातलं का गं मी?" त्या घरात हा प्रश्न कधी कुणी ऐकला नव्हता. मी चव बघितली. घातलेलं होतं, आणि बेताचं होतं. तरी डाव माझ्या हातात देऊन ते खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मौनात बसले होते, पण मन एका ठिकाणी बसेना. 'माझ्या धंद्यातलं आहे,' हेच कानात. धंदा कुठला? आचाऱ्याचा. आणि मला आमची तपासणीची वाक्यं आठवली. ती आमच्यापैकीच कुणी कुणी पूर्वी लिहिलेली, नीटनेटकी पुस्तकी मराठी. त्यात सूर्य होता, कार्य होतं, धैर्य होतं. पण 'आचाऱ्याचा'? तो य ला डावीकडून पापणीसारखा चिकटलेला वाकडा अर्धा र? तो एकाही वाक्यात नव्हता. आम्ही दिवसातून शंभरदा 'दुसऱ्या' म्हणतो, 'साऱ्यांना' म्हणतो, आणि तपासायला बसलो तेव्हा एकालाही तो आठवला नाही.

ऑफिसात पोचल्यावर मी चिमट्याला म्हटलं, "तुझ्या फोनवर 'आचाऱ्याचा' लिही. मी जुन्या जातीच्या फोनवर लिहिते."

दोन्ही पडद्यांवर तोच शब्द, वेलांटीचाही फरक नाही. मग आतली अक्षरं उलगडून बघितली. जुन्या फोनच्या कीबोर्डने त्या र साठी एक वेगळंच अक्षर वापरलं होतं. नव्याने साधा र घेतला होता, आणि र अन् य यांच्या मध्ये एक न दिसणारा टाका घातला होता. डोळ्याला एक, कुलपाला दोन. आमच्या लायब्ररीत एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय होती, पण हे जोडपं तिच्या हातून सुटलं होतं. किल्ली अक्षरांतूनच घडते, त्यामुळे किल्ल्याही दोन.

चिमट्याने तो शब्द पुन्हा एकदा उलगडून बघितला. मग म्हणाला, "काकू, तुमच्या सासऱ्यांची माफी मागायला हवी. मनातल्या मनात मी त्यांना पार वृद्धाश्रमात पोचवलं होतं."

"मनातल्याच मनात माग मग."

त्याने लगेच दुरुस्ती केली. न दिसणारे टाके सगळे उसवून टाकायचे, झालं. चालवून बघितलं आणि पडद्यावरचा 'आचाऱ्याचा' एकदम 'आचार्याचा' झाला.

मोठ्या बाई मागे येऊन उभ्या होत्या. "एका झटक्यात स्वयंपाक्याला पंडित केलंत," त्या म्हणाल्या. "आता 'दऱ्या' लिहा."

चिमट्याने लिहिलं. दऱ्यांचा 'दर्या' झाला.

"बघा, दऱ्यांत समुद्र भरला. उसवायचं नाही. जो टाका या र चा आहे तेवढाच ओळखायचा आणि दोन्ही रूपांना एका रूपावर आणायचं. ज्यांनी आधी दुसऱ्या रूपात पेटी बंद केली असेल त्यांच्यासाठी तेही रूप आतल्या आत वापरून बघायचं, आणि दोन्ही मिळून खेप एकच धरायची. घाई नको. चुकलात तर कुणाची तरी पेटी कायमची जाईल."

मी मामंजींच्या पेटीचा विचार करत होते. त्यांच्या वाक्यात तो र असेलच असं कुठे होतं? मला वाक्य माहीतच नव्हतं.

दुरुस्ती झाली, चिमट्याने आणि मी मिळून ती पुन्हा पुन्हा पारखली, ॲपवाल्यांनी ती घेतली, आणि एका संध्याकाळी मामंजींच्या फोनमध्ये नवं ॲप आलं. मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात फक्त 'ऱ्य' काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"मामंजी, काही सांगू नका, मान हलवू नका. तुमच्या वाक्यात हे अक्षर आहे का, एवढंच मनाशी बघा. असेल तर चूक आमच्या कुलपाची होती, लिहा. नसेल तर ही खेप वापरू नका. मी आणखी शोधीन."

त्यांनी कागद लांब धरून पाहिला, मग जवळ आणला. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण शहाण्या माणसासारखे ते काही बोलले नाहीत. खुर्ची भिंतीकडे वळवली, पाठ माझ्याकडे केली आणि एका बोटाने लिहू लागले. आमचे हे दारात येऊन उभे राहिले. मी मनात नाम घेत होते. देवाकडे मागायचं नाही असा माझा नेम आहे, म्हणून मागितलं नाही. नुसतं घेत राहिले.

बोट थांबलं.

"उघडली," ते भिंतीला म्हणाले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नव्हता विसरला, बाबा," हे म्हणाले.

आवाज त्यांनी तेव्हा ऐकलेच नाहीत. आधी उठले, शेगडीपाशी गेले, ओट्यावरचा डाव उचलला. मिठाच्या बरणीत हात घातला, मीठ पातेल्यात सोडलं आणि कुणाला काही विचारलं नाही. मग खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आतून सासूबाईंचा आवाज येऊ लागला तसा मी नळ मोठा सोडला. त्यांचं ते बोलणं आमच्यासाठी नव्हतं.

त्यांनी मला वाक्य सांगून टाकलं असतं, तर मी ऑफिसातल्या जुन्या जातीच्या फोनवरून त्यांची पेटी उघडून दिली असती आणि देवाचे आभार मानून झोपले असते. तो र तसाच राहिला असता, आणि कुठल्या कुठल्या घरांत माणसं स्वतःलाच विसरभोळी समजत बसली असती. त्यांच्या हट्टाचे उपकार मी कसे फेडू? चिमट्याच्या घाईचे आणि मोठ्या बाईंच्या सावकाशीचेही.

तपासणीच्या यादीत आता पहिलं वाक्य चिमट्याने घातलंय: 'साऱ्या आचाऱ्यांना नमस्कार.'

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मौन चालू असताना मामंजी पुन्हा दारात आले. हातात चहाचा कप होता, माझ्यासाठी, माळ संपेल तेव्हासाठी. तो त्यांनी झाकून ठेवला.

"आता काम झालंय," ते म्हणाले, "वाक्य सांगू का तुला? हसशील."

मी दोन्ही हातांनी कान झाकले.

"चांगली सून आहेस," ते म्हणाले आणि जाता जाता स्वतःशीच हसले.

मी माळ पुढे ओढली.